जुलैत लॉनवर तपकिरी डाग : पाणी कमी पडतंय की रोग आहे?

अंगणवेडा | १४ जुलै, रात्री ९:४०

मंडळी, मदत हवी आहे. सेंट्रल न्यू जर्सीत घर घेऊन आम्हाला तिसरं वर्ष. मागचं-पुढचं मिळून साधारण ५००० चौरस फूट लॉन आहे. बियाण्याच्या पिशवीवर टॉल फेस्क्यू आणि थोडं केंटकी ब्लूग्रास असं लिहिलं होतं. मे महिन्यात गवत इतकं सुंदर होतं की आई रोज सकाळी अनवाणी फिरायची.

जूनअखेरीस पुढच्या अंगणात गवत निळसर-राखाडी दिसायला लागलं. पाणी कमी पडतंय असं वाटून रोज रात्री १० वाजता १५ मिनिटं स्प्रिंकलर सुरू केला, ४ जुलैच्या सुट्टीत खतही टाकलं. पुढचं अंगण आता पेंढ्यासारखं झालंय, आणि मागे कुंपणालगत ताटाएवढे, काही परातीएवढे तपकिरी गोल पडलेत. गेले दहा दिवस दिवसा ९२-९५ फॅरनहाइट आणि रात्रीही ७० च्या खाली उतरत नाही.

पाणी वाढवू का? औषध मारू का? शेजारी म्हणतो काही करू नकोस, आपोआप येईल. पण रोज डोळ्यांसमोर मरताना बघवत नाही हो.

चहाबिस्कीट | १४ जुलै, रात्री ९:५८

फोटो टाक रे. आणि आईंना सांग, तोवर आमच्या अंगणात फिरायला या, चहा मिळेल.

रानवारा | १४ जुलै, रात्री १०:२०

आमच्याकडे मागच्या वर्षी डिट्टो हेच झालं होतं. गवताला नायट्रोजन कमी पडला की डाग पडतात. मी खत दिलं आणि तीन आठवड्यांत सगळं हिरवं. तू टाकलेलं खत बहुतेक कमी पडलं. अजून एक डोस दे.

टेक्सासकर | १४ जुलै, रात्री १०:४५

डॅलसवरून लिहितोय. इथे १०० च्या वर पारा असतो आणि माझं लॉन हिरवंगार आहे, कारण ते बर्म्युडा आहे. बर्म्युडा म्हणजे आपली दूर्वाच, सायनोडॉन डॅक्टिलॉन. उन्हाळ्यातच फोफावते. तुमचं फेस्क्यू आणि ब्लूग्रास थंडीचं गवत, जुलै म्हणजे त्याच्या अंगावर येणारच. (गणपतीला माझ्याकडे दूर्वांच्या २१ च्या जुड्यांना तोटा नसतो. अर्धं डॅलस माझ्या दारात असतं.)

कडुनिंब | १५ जुलै, सकाळी ७:०५

पुण्याहून. आमच्या सोसायटीत मेक्सिकन लॉन आहे. माळीकाका डाग दिसले की कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक फवारतात, कधी मॅन्कोझेब. एकदा फवारून बघा, स्वस्तात काम होतं.

हिरवळकर | १५ जुलै, सकाळी ७:३०

अंगणवेडा, थांब. पाणी, खत, औषध यांपैकी काहीही आज करू नकोस. आधी बघ.

माझी ओळख देतो म्हणजे अधिकाराने का बोलतोय ते कळेल. राहुरीला कृषी पदवी, मग इकडे गवताच्या रोगांवर शिकलो, आणि आता अकरा वर्षं मेरीलँडमध्ये गोल्फ कोर्सवर काम करतो. उन्हाळ्यात माझा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. पहिलं काम म्हणजे लांब बांबू किंवा दोर घेऊन ग्रीनवरचं (खड्ड्याभोवतीच्या आखूड गवतावरचं) दव झाडणं. ऐकायला गंमत वाटेल, पण त्या दवावरच सगळं ठरतं. बुरशीला उगवायला पातं ओलं लागतं, आणि सलग बरेच तास ओलं लागतं. ब्राउन पॅच नावाच्या रोगाच्या बुरशीला ढोबळमानाने १० तासांच्या वर ओलं पातं आणि ७० च्या आसपास किंवा वरची रात्र मिळाली की ती पसरते. आता तुझं गणित बघ. रात्री १० ला तू पाणी देतोस. दव पहाटे पडलं असतं आणि ९ वाजता वाळलं असतं, पण तुझं पातं रात्री १० पासूनच ओलं आहे. म्हणजे रोज ११ तास तू स्वतः बुरशीला मांडी घालून जेवायला बसवतोयस.

उद्या पहाटे ६ च्या आत मागच्या अंगणात जा. तपकिरी गोलाच्या मधोमध नाही, कडेला बघ, जिथे हिरवं आणि तपकिरी भेटतं. ओणवा होऊन कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरट काही दिसतं का ते पाहा. मग तिथलीच आठ-दहा पाती तोडून घरात आण आणि उजेडात धर. पात्यावर वेडेवाकडे फिकट चट्टे आणि भोवती गडद तपकिरी काठ असेल तर ब्राउन पॅच. चट्टा पात्याच्या दोन्ही कडांना भिडलेला, मध्ये चिमटलेला, डमरूसारखा असेल तर डॉलर स्पॉट, हा दुसरा बुरशीचा रोग. पात्यावर चट्टाच नसेल, नुसतं टोकापासून वाळत आलं असेल, तर बुरशी नाही.

पुढच्या अंगणात लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन जमिनीत खुपस. किती इंच जातो ते सांग. आणि वाळलेल्या गवताची मूठ धरून ओढ. गोधडीसारखं अलगद उचलून आलं तर खाली हुमणी (मुळं खाणारी अळी) आहे, नाही आलं तर नाही.

रानवारा, तुमचा अनुभव खोटा नाही. तुमच्याकडे डॉलर स्पॉट असणार, तो उपाशी गवतावर येतो आणि खत दिलं की आटोक्यात येतो. ब्राउन पॅच नेमका उलटा, लुसलुशीत, नायट्रोजन खाल्लेल्या पात्यावर तुटून पडतो. म्हणून नाव कळल्याशिवाय खत नाही.

रानवारा | १५ जुलै, सकाळी ८:१०

अच्छा! माझे डाग रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडे मोठे होते, आणि पाती चिमटल्यासारखी होती खरं. मग माझा सल्ला मागे घेते. अंगणवेडा, खत टाकू नको.

सुमेधा१२ | १५ जुलै, सकाळी ९:००

हिरवळकर, काय सुंदर लिहिलंय. दव झाडणं वाचून मला आजी आठवली, पहाटे तुळशीपुढचं अंगण झाडायची.

एक भाबडी शंका. ब्राउन पॅच म्हणजे नक्की कोणती बुरशी? आमचं माहेर रोह्याजवळ, भातशेती आहे, तिथे करपा येतो म्हणून विचारलं.

हिरवळकर | १५ जुलै, सकाळी ९:२५

शंका अजिबात भाबडी नाही. ब्राउन पॅच करणारी ऱ्हायझोक्टोनिया सोलानी, आणि तुमच्या भातावरचा पर्णकोष करपाही तीच करते. भातातही दाट लागवड आणि युरियाचा मारा असेल तिथे तो जास्त दिसतो. रोह्याच्या शेतकऱ्याला जे माहीत आहे तेच जर्सीच्या अंगणात लागू पडतं.

कडुनिंब, तुमच्या माळीकाकांबद्दल. कार्बेन्डाझिम काही बुरशींवर चालतं, पण पिथियमवर अजिबात नाही, कारण पिथियम खरी बुरशीच नव्हे, तिचं कूळ वेगळं. रोपवाटिकेत मिरची-टोमॅटोची रोपं बुडाशी कुजून कोलमडतात ना, त्यामागे बरेचदा हीच असते. शिवाय एकच औषध पुन्हा पुन्हा मारलं की बुरशी त्याला सरावते. आणि इथे अमेरिकेत घरगुती लॉनसाठी लेबलवर जे लिहिलंय तेवढंच वापरायचं, भारतातून आणलेलं नाही.

मांजराकाठ | १५ जुलै, सकाळी १०:४०

इतका वेळ नुसतं वाचत होतो, आता राहवत नाही म्हणून लिहितो. कोणाला दुखवायचं नाही.

मी लातूरचा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आमच्याकडे रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटर. ती गाडी बघायला स्टेशनवर जी गर्दी होती त्यात मी होतो. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले, मैदानांना लागणाऱ्या पाण्यावरून. आमच्या घरात तेव्हा आंघोळीचं पाणी बादलीत धरून संडासला वापरत होतो.

५००० चौरस फूट गवताला आठवड्याला किती पाणी लागतं हो? मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

हिरवळकर | १५ जुलै, सकाळी ११:३०

प्रश्न योग्य आहे, सरळ आकडा देतो. इथे उन्हाळ्यात गवत हिरवं ठेवायचं तर पाऊस धरून आठवड्याला १ इंच, म्हणजे २५ मिलिमीटर. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर म्हणजे १ लिटर. ५००० चौरस फूट म्हणजे ४६५ चौरस मीटर. गुणाकार केला तर साधारण ११,८०० लिटर. दर आठवड्याला.

मांजराकाठ | १५ जुलै, सकाळी ११:४८

म्हणजे आमच्याकडचा १२ हजारांचा एक टँकर. एका घराच्या गवताला, दर आठवड्याला.

टेक्सासकर | १५ जुलै, दुपारी १२:१५

भाऊ, तुमच्या भावना पोचल्या. पण जर्सीत वाचवलेलं पाणी लातूरला जात नाही.

मांजराकाठ | १५ जुलै, दुपारी १२:३०

जात नाही, मला माहीत आहे. पण पाणी इथलं असो की तिथलं, ते रात्रभर ओतून वर गवताला रोग लागत असेल तर ते ओतणं चूकच ना? हिरवळकरांनी वर तेच तर सांगितलंय.

सुमेधा१२ | १५ जुलै, दुपारी १२:४४

मांजराकाठदादा, शंभर टक्के पटलं.

हिरवळकर | १५ जुलै, दुपारी १:१०

दादा, तुमच्या बोलण्यातला मुद्दा माझ्या धंद्यातलाही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थंडीच्या गवताला उन्हाळ्यात हिरवं राहायची सक्ती आपण करतो. केंटकी ब्लूग्रासला पाणी मिळालं नाही की ते झोपतं. पाती वाळतात, पण जमिनीलगतचा बुडखा आणि जमिनीखालचे धावते कोंब जिवंत असतात. चार-सहा आठवडे ते असं राहू शकतं. त्या काळात दोन-तीन आठवड्यांतून एकदा अर्धा इंच पाणी पुरतं, तेही हिरवं करायला नाही, फक्त बुडखा सुकून मरू नये म्हणून. मघाचाच हिशेब धरला तर तीन आठवड्यांत ३५ हजार लिटरच्या जागी ६ हजारांच्या आत भागतं. सहावा हिस्सा.

फेस्क्यूचं थोडं वेगळं. त्याची मुळं खोल जातात, त्यामुळे ते उशिरा कोमेजतं, पण लांबच्या झोपेत ब्लूग्रासइतकं टिकत नाही. आणि ते झुपक्यांनी वाढतं, मेलेल्या जागी शेजारचा झुपका पसरत जात नाही. म्हणून फेस्क्यूला अगदी कोरडं टाकायचं नाही.

सगळ्यात वाईट काय, तर कधी उठवायचं कधी झोपवायचं. चार दिवस भरपूर पाणी देऊन जागं करायचं, मग कंटाळून आठवडाभर बंद करायचं. साठवलेला जोर नवी पाती काढण्यात संपतो आणि मग ते खरंच मरतं. एकदा झोपू द्यायचं ठरवलं की सप्टेंबरपर्यंत झोपू द्यायचं. त्यावर खुर्च्या मांडायच्या नाहीत, मुलांना क्रिकेट खेळू द्यायचं नाही, मशिन फिरवायचं नाही.

चहाबिस्कीट | १५ जुलै, दुपारी १:२२

क्रिकेट बंद?! हा धागा मुलांपासून लपवून ठेवा.

नागपुरी_संत्रं | १५ जुलै, रात्री १०:०५

गवताची गोष्ट निघाली म्हणून. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो, तरी मैदानावरची दूर्वा हिरवी असते. माझे मामा एका मैदानावर गवताचं काम बघायचे, ते पायाने गवत वाचायचे. चालून जायचे आणि मागे वळून बघायचे. पाऊल उमटून तसंच राहिलं, गवत परत उभं झालं नाही, तर संध्याकाळपर्यंत त्या पट्ट्याला पाणी लागणार. उभं झालं तर उद्यापर्यंत नको. नळी हातात घेण्याआधी पूर्ण मैदान चालायचे. "बे, पाणी मागितल्यावर द्यायचं असते, आपल्या मनानं नाही," असं म्हणायचे.

हिरवळकर | १५ जुलै, रात्री १०:३०

मामांना माझा नमस्कार सांगा. आम्हाला वर्गात शिकवली ती परीक्षा हीच. अंगणवेडाला जून अखेरीस जो निळसर-राखाडी रंग दिसला तो याच टप्प्यावरचा. त्या वेळी एकदा खोलवर पाणी दिलं असतं तर पुढचं अंगण सावरलं असतं. रोज १५ मिनिटांनी वरची इंचभर माती भिजते, मुळं वरच राहतात, खालची माती कोरडीठाक.

शेतकरी वाफशाची वाट बघतो ना, तसंच. भिजव, मग माती जरा सुकू दे, हवा खेळू दे, वाफसा येऊ दे, मग पुन्हा.

अंगणवेडा | १६ जुलै, सकाळी ७:५०

पावणेसहाला टॉर्च आणि वाचायचा चष्मा घेऊन मागच्या अंगणात पालथा पडलो होतो. आईला खिडकीतून दिसलं, ती घाबरून धावत आली. मग तीही शेजारी बसली आणि तिलाच आधी दिसलं. गोलाच्या काठावर कापूस पिंजून पसरल्यासारखं अगदी तलम जाळं. साडेसातपर्यंत ऊन आलं आणि ते नाहीसं झालं. आठ पाती खिडकीशी धरली. सहांवर फिकट, गव्हाळ रंगाचे वाकडेतिकडे चट्टे आणि भोवती शाईने रेघ ओढावी तसा तपकिरी काठ. एकही डमरू नाही.

पुढे स्क्रूड्रायव्हर जेमतेम २ इंच गेला आणि अडला. ड्राइव्हवेजवळ तर इंचभर. मागे मात्र मुठीपर्यंत गेला. मूठ धरून ओढलं, दोन्हीकडे गवत घट्ट आहे. पुढच्या पात्यांवर चट्टे नाहीत, नुसती वाळलीत. आणि बुडाशी बोटाने चिरून पाहिलं तर आत पांढरट-हिरवं आहे!

हिरवळकर | १६ जुलै, सकाळी ८:२०

शाब्बास, आईंनाही. म्हणजे तुझ्याकडे दोन वेगळी दुखणी आहेत आणि तू दोघांना एकच औषध देत होतास. मागे ब्राउन पॅच आहे, तिथे पाणी जास्त झालंय आणि कुंपणामुळे वारं नाही. पुढे तहान आहे, कडक जमिनीवर पाणी वाहून जातंय.

मागे : स्प्रिंकलर बंद. पुढचे दहा दिवस पाऊल-परीक्षेत नापास झाल्याशिवाय पाणी नाही, आणि दिलं तर पहाटे ४ ते ८ मध्ये, म्हणजे पातं दवानेच ओलं असताना, ओलेपणाचे तास वाढू नयेत म्हणून. कुंपणालगतची झुडपं छाट. खत सप्टेंबरपर्यंत नाही. ओल्या गवतावर मशिन नाही.

मशिनवरून आठवलं. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात एका कोर्सवर दमट शनिवारी ओल्या राय गवतावर मशिन फिरलं. रविवारी सकाळी चाकांच्या रेघांवर तेलकट, काळपट पट्टे होते आणि त्यावर पांढरा कापूस. पिथियम. सोमवारी दुपारपर्यंत ते पट्टे मेलेले होते. दोन दिवसांत. तुझ्याकडे ते नाही, पण तेलकट दिसणारं काही आढळलं तर त्याच क्षणी इथे लिही.

औषधाबद्दल : अझॉक्सिस्ट्रोबिन किंवा प्रॉपिकोनाझोल चालतं, पण ते रोग येण्याआधी द्यायचं असतं. तपकिरी पातं कुठल्याच औषधाने हिरवं होत नाही. उंच ठेवलेल्या फेस्क्यूत ही बुरशी बहुतेक वेळा पाती खाते, बुडखा वाचतो. मी तुझ्या जागी असतो तर यंदा एक डॉलरही खर्च केला नसता.

पुढे : ते झोपलंय, मेलेलं नाही. आतलं पांढरट-हिरवं तेच सांगतंय. पण त्यात फेस्क्यूही आहे, म्हणून दोन आठवड्यांनी अर्धा इंच दे. कडक जमिनीवर एकदम नाही. दहा मिनिटं दे, थांब, जिरू दे, परत दहा मिनिटं.

रानवारा | १६ जुलै, सकाळी ९:०२

अर्धा इंच झाला हे कळणार कसं? स्प्रिंकलर कुठे जास्त टाकतो कुठे कमी.

हिरवळकर | १६ जुलै, सकाळी ९:१५

सरळ कडांचे सहा-सात रिकामे डबे गवतावर ठिकठिकाणी ठेवायचे, २० मिनिटं पाणी सोडायचं, पट्टीने मोजायचं. कोपऱ्यातल्या डब्यात आणि मधल्या डब्यात दुप्पट-तिप्पट फरक दिसतो, तेव्हा लोकांचे डोळे उघडतात.

सुमेधा१२ | १६ जुलै, सकाळी ९:२८

श्रीखंडाचे डबे चालतील?

हिरवळकर | १६ जुलै, सकाळी ९:४०

ते खाली निमुळते असतात, मोजमाप चुकेल. रसगुल्ल्याचे पत्र्याचे डबे उत्तम.

चहाबिस्कीट | १६ जुलै, सकाळी ९:४३

सहा डबे रसगुल्ले संपवायला मी येतो. विज्ञानासाठी काहीही.

टेक्सासकर | १६ जुलै, सकाळी १०:३०

आणि कापायची उंची? मी दूर्वा दीड इंचावर ठेवतो, गालिचा दिसतो.

हिरवळकर | १६ जुलै, सकाळी ११:००

दूर्वेला चालतं. फेस्क्यूला उन्हाळ्यात साडेतीन-चार इंच. वर जितकं पातं, खाली तितकं मूळ, आणि बुडख्याला सावली. एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापायचं नाही. मशिनचं पातं धारदार हवं. अंगणवेडा, कापल्यावर दोन दिवसांनी लांबून लॉन पांढुरकं दिसतं का? दिसत असेल तर मशिन गवत कापत नाही, फाडतंय. फाटलेल्या टोकातून पाणीही जातं आणि बुरशीला दारही मिळतं.

अंगणवेडा | १६ जुलै, रात्री ८:१५

पांढुरकं दिसतं. आज पातं काढून बघितलं, तीन वर्षांत एकदाही धार लावलेली नव्हती. उद्या देतो लावून. स्प्रिंकलरचं टायमर बंद केलं.

मांजराकाठ, तुमचा टँकरचा हिशेब डोक्यातून जात नाही. आईने तो मोठ्याने वाचून दाखवायला लावला. ती सोलापूरची आहे, सकाळी घागरी घेऊन रांगेत उभी राहिलेली. पुढचं अंगण झोपू देणार आहोत. शेजारी काय म्हणायचं ते म्हणो.

मांजराकाठ | १७ जुलै, सकाळी ६:३०

आईंना नमस्कार. मन भरून आलं.

वाळवंटातली_जाई | १७ जुलै, सकाळी ११:१०

मी लास वेगासला असते. इथे २०२१ साली कायदाच झाला : ऑफिसांपुढची, रस्त्याच्या दुभाजकातली, ज्यावर कोणी पाऊल ठेवत नाही अशी शोभेची हिरवळ २०२६ संपेपर्यंत काढायची, २०२७ पासून तिला कोलोरॅडो नदीचं पाणी नाही. घरांना तो लागू नाही, पण आम्ही स्वतःहून पुढचं गवत काढलं. मुलं खेळतात तेवढं मागचं ठेवलं. अंगणवेडा, तुमच्या ड्राइव्हवेजवळच्या त्या कडक पट्ट्यात गवतच हवं का, याचा विचार करा.

हिरवळकर | १७ जुलै, दुपारी १२:२०

जाई, बरोबर. ड्राइव्हवेच्या कडेला दगडाची उष्णता, खाली बांधकामाचा राडारोडा. तिथे गवत दरवर्षी हरणार.

आणि अंगणवेडा, तू राहतोस त्या राज्याची एक गोष्ट. तुझ्याजवळ न्यू ब्रन्सविकला रटगर्स विद्यापीठ आहे. तिथे डॉ. रीड फंक यांनी आयुष्यभर गवताच्या जाती तयार केल्या. त्यांची 'मॅनहॅटन' ही राय जात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये तग धरून राहिलेल्या जुन्या गवतातून निवडलेली, १९६७ मध्ये आलेली. लोक तुडवतात, कोणी लाड करत नाही, तरी जे जगलं ते त्यांनी उचललं. डॉलर स्पॉटच्या बुरशीला २०१८ मध्ये क्लॅरिरीडिया असं नवं नाव मिळालं, ते त्यांच्याच सन्मानार्थ. सप्टेंबरमध्ये बियाणं घेशील तेव्हा पिशवीवरचं चित्र बघू नकोस, जातींची नावं बघ. एनटीईपी, म्हणजे गवताच्या जाती तपासणारा इथला राष्ट्रीय कार्यक्रम, त्याच्या चाचण्यांचे निकाल जालावर मोफत आहेत, त्यात ब्राउन पॅचला कोणती जात किती तग धरते ते दिलेलं असतं. माझ्या मते घरच्या लॉनवर रोगाचा निम्मा इलाज बियाणं निवडतानाच होतो.

कडुनिंब | १७ जुलै, रात्री ९:३०

आमच्या माळीकाकांना सगळा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, आपल्याकडे मेक्सिकनवर डाग मे मध्ये नाही, पावसाळ्यात येतात, आणि नेमके जिथे मांडव घालतात तिथेच येतात. जमीन दबून पाणी साचतं. यंदा फवारणीऐवजी तिथे काट्याने भोकं पाडून बारीक वाळू आणि चाळलेलं शेणखत भरणार आहेत.

हिरवळकर | १७ जुलै, रात्री ९:५०

काकांचं निरीक्षण अचूक आहे. मला सांगायला काही उरलं नाही.

अंगणवेडा | २२ सप्टेंबर, सायंकाळी ६:४०

धागा वर काढतोय, कारण तुम्हा सगळ्यांना सांगितल्याशिवाय चैन पडेना.

ऑगस्टमध्ये दोनदा अर्धा-अर्धा इंच पाणी दिलं, डबे मांडून मोजून. एरवी टायमर बंद. महिनाअखेरीस दोन चांगले पाऊस झाले आणि दहाव्या दिवशी पुढच्या अंगणातलं ब्लूग्रास जमिनीतून हिरवं फुटलं. फेस्क्यूचे काही झुपके गेले. मागे गोलांच्या मधून नवी पाती आली, तीनच जागा टकल्या राहिल्या. तिथे आणि पुढच्या विरळ भागात ६ सप्टेंबरला माती खरवडून दर हजार चौरस फुटांना ५ पौंड बी टाकलं, जाती बघून घेतलेलं. नवव्या दिवशी फेस्क्यू उगवलं, केसासारखं. रोज दोनदा हलकं पाणी, शेवटचं दुपारी ३ च्या आत. ड्राइव्हवेच्या पट्ट्यात आईने लॅव्हेंडर आणि ओवा लावलाय.

टेक्सासकर, तुमच्या दूर्वा वेळेवर पोचल्या, ओल्या पेपरात गुंडाळलेल्या, एकही पिवळी नव्हती. आईने त्यातली एक कांडी कुंडीत रोवली आहे.

टेक्सासकर | २२ सप्टेंबर, सायंकाळी ७:०५

कुंडीतच ठेवा! जमिनीत लावली तर तुमचं फेस्क्यू दोन वर्षांत गिळून टाकेल. थंडीत कुंडी घरात, खिडकीशी.

मांजराकाठ | २३ सप्टेंबर, सकाळी ७:१५

लॅव्हेंडर आणि ओव्याचा फोटो टाका.

अंगणवेडा | २३ सप्टेंबर, सकाळी ८:००

टाकला. हिरवळकर, शेवटचा प्रश्न. कोवळं गवत अडीच इंच झालंय. कधी कापू?

हिरवळकर | २३ सप्टेंबर, सकाळी ८:२०

चार इंच होऊ दे, मग तीनवर काप. जमीन कोरडी असताना. आणि त्याआधी पात्याला परत धार लावून घे.